शेवटचे सहा फूट

आमच्या घरी आलेली ब्राउनी नावाची गावठी कुत्री हाक मारल्यावर माझ्याजवळ येऊन गळपट्ट्याला हात लावू देईपर्यंत अकरा महिने गेले. या काळात मी जे वाचले आणि पाहिले, त्यातले बहुतेक पिल्लांना शिकवण्याविषयी होते. दोन वर्षे रस्त्यावर काढून, लोकांचे दगड आणि काठ्या चुकवत मोठ्या झालेल्या कुत्र्याला हाकेला यायला कसे शिकवावे, याविषयी मला फार थोडे सापडले. ज्यांच्या घरी असे बुजलेले जनावर नुकतेच आले आहे आणि हाक मारली की जे जवळ येण्याऐवजी दिवाणाखाली आणखी आत सरकते, त्यांना उपयोग व्हावा म्हणून माझ्या वहीतल्या नोंदींवरून सगळे क्रमाने लिहीत आहे.

आम्ही पुण्यात कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर राहतो. प्राण्यांना आसरा देणाऱ्या एका संस्थेकडे २३ जानेवारी २०२४ रोजी दत्तकासाठी अर्ज केला. अर्ज चार पानांचा होता. घर स्वतःचे की भाड्याचे, दिवसभर घरी कोण असते, गावाला गेल्यावर कुत्र्याला कोण सांभाळणार, गॅलरीला जाळी आहे का, असे सगळे प्रश्न त्यात होते. ४ फेब्रुवारीला संस्थेच्या दोन कार्यकर्त्या घर पाहून गेल्या आणि गॅलरीला जाळी लावल्याशिवाय कुत्रे मिळणार नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा हे जास्तीचे वाटले होते, पुढे त्याचे महत्त्व कळले. जाळी लावून फोटो पाठवल्यावर रविवारी, ११ फेब्रुवारीला, आम्ही ब्राउनीला घरी आणले. वय अंदाजे दोन वर्षे, रंग विटकरी, डाव्या कानाच्या टोकाला नसबंदी झाल्याची खूण म्हणून दिलेली खाच. सोबत नसबंदीचे प्रमाणपत्र, लसींचे पुस्तक आणि मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक मिळाला. चिपमध्ये नुसता आकडा असतो, पत्ता नसतो. त्यामुळे तो आकडा आपल्या नावाशी आणि फोन क्रमांकाशी जोडला गेला आहे की नाही, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे.

कुत्री सांभाळणाऱ्या लोकांमध्ये एक ठोकताळा आहे. नव्या घरात कुत्र्याची पहिली भीती ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने लागतात, असे ते सांगतात. ब्राउनीच्या बाबतीत पहिले नऊ दिवस दिवाणाखालीच गेले. रात्री आम्ही झोपल्यावर ती बाहेर येऊन जेवायची, सकाळी ताटली चाटून पुसून ठेवलेली दिसायची. दोन आठवड्यांनी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायला लागली आणि आम्हाला वाटले की आता सगळे सुरळीत होईल.

३ मार्चला, रविवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास, दूधवाल्याचे पैसे द्यायला मी दार उघडले आणि ती माझ्या पायांजवळून निसटून तीन जिने उतरून गेली. मी मागे धावले, माझा मुलगाही धावला, आणि आमचे पाहून वॉचमनची दोन मुलेही मदतीला आली. तीच आमची सर्वांत मोठी चूक होती. चौघे जण चार बाजूंनी येताना पाहून ती पार्किंगमधून शेजारच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत शिरली आणि वाळूच्या ढिगावर जाऊन बसली. मी बिस्किटाचा पुडा घेऊन तिच्या नावाने हाका मारत होते. ती माझ्याकडे पाहत होती, पळून जात नव्हती, पण मी सहा फुटांवर पोहोचले की उठायची आणि थोडी पुढे जाऊन पुन्हा बसायची. ते सहा फूट मला पाच तास पार करता आले नाहीत. दुपारी संस्थेतल्या कार्यकर्तीला फोन केला तेव्हा ती म्हणाली की सगळ्यांनी तिथून निघून जा, घराचे दार उघडे ठेवा, तिचे अंथरूण दाराबाहेर टाका आणि आत शांत बसा. आम्ही तसे केले. तीन वाजून पन्नास मिनिटांनी ती आपली आपण जिना चढून आली, अंथरुणाच्या गोणपाटावर थांबली आणि मग आत शिरली. मी दार लावले आणि तिथेच खाली बसून रडले. कुत्रे सुटले तर पाठलाग करू नये, हे या अनुभवातून शिकलेले पहिले व्यावहारिक शहाणपण. पाठलाग सुरू झाला की त्याला पळण्याखेरीज दुसरे काही सुचत नाही.

त्या घाबरलेल्या अवस्थेतच आम्ही घाई करून एका प्रशिक्षकाला बोलावले. तो १० मार्चला आला, तिच्या गळ्यात ओढली की आवळणारी साखळी घातली आणि 'कम' म्हणून एक झटका दिला. दुसऱ्या झटक्याला ती फरशीवर मुतली आणि पोटाशी शेपूट घालून आडवी झाली. तो म्हणाला, ‘बघा, शरण आली.’ मला ते पाहवले नाही. वीस मिनिटांत शिकवणी थांबवून ठरलेले सातशे रुपये दिले आणि त्याला परत पाठवले. झटक्याने कुत्रे जवळ येतेही, परंतु जे आधीच माणसाला घाबरते त्याच्या मनात वेदना, बोलावण्याचा शब्द आणि बोलावणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या जातात, आणि साखळी निघाली की ते आणखी लांब पळते. माझे हे मत त्यानंतरच्या दहा महिन्यांत पक्के होत गेले.

१६ मार्चला तिला पशुवैद्यांकडे नेले. शिकवायला लागण्याआधी तपासणी करून घ्यावी, असे मी सगळ्यांना सांगेन, कारण कान दुखत असेल किंवा ऐकूच कमी येत असेल तर दोष शिकवण्यात नसतो. ब्राउनीचे कान चांगले होते, पण रक्ताच्या तपासणीत गोचिडांमुळे होणारा ताप निघाला. तपासणीचे १,४५० रुपये आणि औषधांचे ६२० रुपये झाले. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस, दिवसातून दोनदा, जेवणासोबत द्यायच्या होत्या. दुधाबरोबर किंवा पनीरमध्ये घालून द्यायच्या नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले होते. गोळ्यांनी तिचा ताप गेला, पण मी त्या ज्या पद्धतीने दिल्या त्याने दुसरे नुकसान झाले, आणि ते माझ्या ध्यानात यायला महिना लागला.

झाले असे की मैत्रिणीने कुत्र्यांच्या वागणुकीचा अभ्यास केलेल्या एका बाईंचे नाव सुचवले. त्या व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन करतात. पहिल्या भेटीचे १,२०० आणि पुढच्या तीन भेटींचे प्रत्येकी ८०० रुपये असे त्यांचे शुल्क होते. भेटीआधी त्यांनी एक काम दिले. सहा दिवस ब्राउनीला जितक्या वेळा हाक माराल तितक्या वेळा वहीत नोंद करा आणि ती आल्यावर तिचे काय झाले तेही लिहा, असे त्या म्हणाल्या. सोमवार ८ एप्रिल ते शनिवार १३ एप्रिल या दिवसांत मी ४७ वेळा हाक मारली होती. त्यातल्या १८ हाका गोळीसाठी, ११ पट्टा अडकवण्यासाठी, ७ गॅलरीतून आत घेऊन दार लावण्यासाठी आणि ६ गोचिड काढण्यासाठी होत्या. उरलेल्या पाच वेळा तिला काहीतरी खायला मिळाले होते. १४ एप्रिलला ती वही समोर धरून बसले तेव्हा बाईंनी काही बोलायची गरजच राहिली नव्हती. आपले नाव ऐकू आले की बहुधा काहीतरी नकोसे होणार, हे त्या जनावराने अचूक ओळखले होते आणि ते ओळखूनच ती सहा फुटांवर थांबत होती. मी तिला हट्टी समजत होते, याचे मला फार वाईट वाटले.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की गोळी, पट्टा, गोचिड, आंघोळ यांपैकी काहीही असले तरी तिला बोलवायचे नाही, आपण उठून तिच्यापाशी जायचे, आणि तेही सरळ अंगावर न जाता बाजूने. दुसरी गोष्ट ऐकायला सोपी आणि पाळायला अवघड होती: पुढचे चार आठवडे तिला हाकच मारायची नाही. ती स्वतःहून आमच्याकडे बघेल तेव्हा न बोलता एक तुकडा तिच्या दिशेने फरशीवर टाकायचा, एवढेच. ‘ब्राउनी’ हे नाव घरात उच्चारायचे नाही म्हणून आम्ही आपसात तिच्याविषयी बोलताना ‘ती’ म्हणू लागलो. चार आठवड्यांचे प्रत्यक्षात सात झाले, कारण मधे मुलाच्या सुट्टीत पाहुणे आले आणि प्रत्येक पाहुणा तिला नावाने हाका मारून गेला.

नवा शब्द कोणता घ्यावा, हा प्रश्न राहिला होता. ‘ये’ किंवा ‘इकडे ये’ हे शब्द आपल्या घरात दिवसभर कोणी ना कोणी कोणाला तरी म्हणत असते, त्यामुळे ते कुत्र्याच्या कानाला भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखे होतात. उत्तर घरातच मिळाले. २ जूनला सासूबाई वाईजवळच्या आमच्या गावाहून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचा उरलेला तुकडा हातात घेऊन, कोणाला काही न विचारता, स्वयंपाकघरातूनच त्यांनी आवाज दिला, ‘यूऽ यू यू यू.’ आपल्याकडे गावोगाव कुत्र्याला असेच बोलावतात. दिवाणाखालून ब्राउनीचे दोन्ही कान एकदम पुढे वळले आणि मान बाहेर आली. ती रस्त्यावर असताना कुणीतरी, कदाचित रोज, याच आवाजाने तिला भाकरी घातली असणार. तिच्या आधीच्या आयुष्यातली एक चांगली गोष्ट आम्हाला त्या सकाळी सापडली आणि तोच आमचा शब्द ठरला.

सासूबाईंनी त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट दाखवून दिली, जी मला कुठल्याही व्हिडिओत दिसली नव्हती. बुजऱ्या कुत्र्यासमोर उंच उभे राहू नये, वाकून किंवा उकिडवे बसून बोलवावे, असे मी वाचले होते आणि तसे करतही होते. मी वाकले की ब्राउनी दचकून मागे व्हायची. सासूबाईंनी हे दोन-तीनदा पाहिले आणि म्हणाल्या, ‘अगं, वाकतीस कशाला तिच्याम्होरं? दगूड उचलतीस असं वाटतंय तिला.’ आपल्या रस्त्यांवर कुत्र्याला पाहून माणूस खाली वाकतो तो बहुतेक वेळा दगड उचलण्यासाठी, आणि हातात दगड नसला तरी नुसते वाकल्यावर कुत्री पळतात हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिले आहे. मी मात्र ते विसरले होते. त्या दिवसापासून मी आधी खाली बसायचे, पाठ भिंतीला टेकवायचे, खांदा तिच्याकडे आणि तोंड दुसरीकडे करायचे, आणि ती निवांत दिसल्यावरच आवाज द्यायचे. दचकणे दोन दिवसांत कमी झाले.

१० जूनपासून खरे शिकवणे सुरू झाले. मीठ, कांदा, लसूण काही न घालता उकडलेल्या कोंबडीचे वाटाण्याएवढे तुकडे करून डबीत भरायचे. कांदा आणि लसूण कुत्र्यांना बाधतात, त्यामुळे घरच्या रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नये. आठवड्याला अर्धा किलो पुरायचे, त्याचे सुमारे १६० रुपये होत. सुरुवातीला अंतर नव्हतेच. ती माझ्याजवळ दोन हातांवर असताना ‘यू यू’ म्हणायचे आणि लगेच तुकडा द्यायचा, असे दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सात-आठदा. इथे एक बारीक गोष्ट आहे. आवाज आधी आणि हात नंतर हलला पाहिजे. हात आधी डबीकडे गेला तर कुत्रे हाताकडे पाहून येते आणि आवाज त्याच्या लेखी निरर्थक राहतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांनाही खूण आधी आणि अन्न नंतर मिळत असे, आणि म्हणूनच नुसत्या खुणेने त्यांच्या तोंडाला पाणी सुटत असे. मी हे नीट करते की नाही ते पाहायला मुलाने मोबाइलवर चित्रण केले, तेव्हा दहापैकी सहा वेळा माझा हात आवाजाच्या आधीच हललेला दिसला. चित्रण करून पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

दहाव्या दिवशी ती दुसऱ्या खोलीतून येऊ लागली, आणि तरीही शेवटचे सहा फूट तसेच राहिले. धावत येऊन ती माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर थांबायची, मान लांबवून तुकडा घ्यायची आणि मागे सरकायची. कारण उघड होते: तीन मार्चपासून तिच्या अनुभवात पुढे येणारा हात म्हणजे गळपट्टा पकडणारा हात होता. म्हणून हाक तशीच ठेवून आम्ही हाताचे शिकवणे वेगळे घेतले, आणि सगळ्या अकरा महिन्यांत ज्यावर वेळ घालवल्याचे सार्थक झाले ते हेच काम. माझा डावा तळहात आकाशाकडे करून जमिनीलगत, स्थिर ठेवायचा आणि उजव्या हाताने तुकडा त्या तळहातावर ठेवायचा. ती वास घेत पुढे येई, ओठांच्या टोकाने तुकडा उचले आणि मागे जाई. पहिले चार दिवस एवढेच. पाचव्या दिवसापासून ती तुकडा चावत असताना बोटांचे टोक तिच्या हनुवटीला क्षणभर लावायचे आणि काढून घ्यायचे, मग लगेच दुसरा तुकडा द्यायचा. हात डोक्यावरून कधीही न्यायचा नाही. बोट लागताच ती जीभ नाकावरून फिरवायची किंवा जांभई द्यायची, डोळ्यांच्या कडेला पांढरे दिसायचे. तो तिचा ताण आहे हे बाईंनी शिकवले होते, आणि तसे दिसले की मी त्या दिवशी पुढची पायरी घेत नसे. बाराव्या दिवशी एक बोट गळपट्ट्याखाली गेले. एकविसाव्या दिवशी, १० जुलैला, मी तळहात पुढे केला आणि तिने तुकडा घ्यायच्या आधी आपली हनुवटी त्यावर ठेवली. तिच्या गळ्याची ऊब आणि तिचे नाडीचे ठोके हाताला लागत होते. मी ओरडले नाही, हलले नाही, दुसऱ्या हाताने पाच तुकडे एकामागून एक दिले.

त्यानंतर बाईंनी आणखी एक नियम घातला, जो मी आजही पाळते. ती आली की दहापैकी नऊ वेळा गळपट्ट्याला हात लावायचा, खाऊ द्यायचा आणि ‘जा’ म्हणून लगेच सोडून द्यायचे. हाकेला आले की खेळ संपतो, मोकळीक जाते, असे कुत्र्याच्या मनात एकदा बसले की ते बाहेर कधीही जवळ येत नाही.

जुलै पावसात गेला. २५ जुलैला पुण्यात पूर आला त्या आठवड्यात आम्ही फक्त जिन्यात आणि पार्किंगमध्ये सराव केला. त्याच महिन्यात कुत्रे पाळण्याचा परवाना काढला. रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कुत्र्याचा फोटो लागला. माझा अर्ज एकदा परत आला, कारण मी लसीच्या पुस्तकातले जे पान जोडले त्यावर लस दिल्याची तारीख होती, पण डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दुसऱ्या पानावर होता. दोन्ही पाने जोडून पुन्हा पाठवल्यावर नऊ दिवसांनी परवाना आला. बाहेर मोकळ्या जागी सराव करायचा असेल तर हे कागद आधी पूर्ण करून घ्यावेत. कोणी हटकले तर मोबाइलमध्ये परवाना आणि लसीचे प्रमाणपत्र दाखवता येते, आणि आपला आवाज चढत नाही, जे शेजारी उभ्या असलेल्या बुजऱ्या कुत्र्यासाठी फार महत्त्वाचे असते.

ऑगस्टमध्ये बाहेरचे शिकवणे सुरू केले. रविवार पेठेत बोहरी आळीतून दहा मीटर नायलॉनची पट्टी आणि एक कडी घेतली, चांभाराकडून कडी शिवून घेतली, सगळे मिळून २८० रुपये पडले. लांब दोरी गळपट्ट्याला कधी अडकवू नये, कारण कुत्रे धावत जाऊन दोरी संपली की सगळा झटका मानेला बसतो. छातीभोवती बसणारा हार्नेस ६५० रुपयांना घेतला आणि दोरी त्याच्या पाठीवरच्या कडीला लावली. पहिल्याच सकाळी एक मांजर समोरून गेले, ब्राउनी झेपावली, मी दोरी मुठीत घट्ट धरली आणि माझ्या तीन बोटांची साल निघाली. त्या संध्याकाळी नव्वद रुपयांचे माळीकामाचे हातमोजे आणले. नंतर कळले की दोरी हातात आवळून धरण्याऐवजी जमिनीवर सरपटत सोडावी आणि गरज पडली तर तिच्यावर पाय ठेवावा. दोरीने ओढून जवळ आणायचे नाही, हेही ठरलेले होते. दोरी होती ती फक्त ३ मार्च पुन्हा होऊ नये म्हणून.

आधी सोसायटीच्या मागचे रिकामे पटांगण, मग वेताळ टेकडीची पायवाट, असे आम्ही पुढे सरकलो. टेकडीवर मोर आहेत, जमिनीवर बसणारे इतर पक्षी आहेत, त्यामुळे तिथे मी तिला आजपर्यंत दोरीशिवाय सोडलेले नाही आणि पुढेही सोडणार नाही. माझ्या मते हाकेला येणारे कुत्रेही तिथे मोकळे सोडू नये. घराबाहेर गेल्यावर जणू सगळे शिकवणे पुसले गेले. घरात दहापैकी नऊ वेळा येणारी ब्राउनी पटांगणात दहापैकी दोन वेळा आली. बाईंनी समजावले की कुत्र्याला एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी आपोआप कळत नाही, आणि नव्या जागेत पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. म्हणून पुन्हा दोन हातांवरून सुरुवात केली. एकदाच आवाज द्यायचा, हाही नियम इथे कळीचा ठरला. ती आली नाही तर पुन्हा पुन्हा हाका न मारता मी पाठ वळवून चार पावले उलट दिशेने चालू लागे, आणि बहुतेक वेळा मागून तिची नखे दगडावर वाजलेली ऐकू येत. ती येईलच अशी मला खात्री नसेल, म्हणजे समोर दुसरे कुत्रे असेल किंवा शेळ्यांचा कळप असेल, तर मी आवाजच देत नसे. न मारलेल्या हाकेने नुकसान होत नाही.

सप्टेंबरमध्ये गणपती आले. ७ तारखेपर्यंत पटांगणात दहापैकी सात असलेला आमचा हिशेब ढोलताशांनी आणि फटाक्यांनी चारवर आला. अनंत चतुर्दशीच्या रात्री ती न्हाणीघरात जाऊन बसली आणि तिने कोंबडीलाही तोंड लावले नाही. घाबरलेले कुत्रे खात नाही, आणि खात नसेल तेव्हा शिकवू नये. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सात परत आले आणि मग दिवाळी आली. २८ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळात आम्ही तिला पहाटे साडेचारला आणि रात्री एकनंतरच बाहेर नेले, खिडक्या बंद ठेवल्या, पंखा आणि रेडिओ लावून ठेवला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, १ नोव्हेंबरला, तिचे सगळे अंग थरथरत होते. मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तळहात वर करून पहाटे दोनपर्यंत बसले, आवाज दिला नाही. केव्हातरी तिने हनुवटी आणून हातावर ठेवली आणि तशीच झोपली. त्यानंतरचे दोन आठवडे ती जिन्याखाली उतरायला तयार नव्हती. नवऱ्याला वाटले की आता हे सोडून द्यावे, आहे तशी ती आपलीच आहे. मलाही काही दिवस तसेच वाटत होते. परंतु पहिल्यांदा घरात जे दहा दिवसांत झाले होते ते दुसऱ्यांदा तीन दिवसांत झाले, पटांगणात सहा आठवड्यांचे दोन आठवड्यांत झाले. ज्यांचे शिकवणे सणावारांत कोसळेल त्यांनी जुने आकडे वहीत लिहून ठेवावेत; परतीचा रस्ता खरोखर लहान असतो, आणि निराश झालेले असताना तो वहीतच दिसतो.

डिसेंबरभर आम्ही खाऊ बदलत राहिलो, कधी कोंबडी, कधी पनीर, कधी उकडलेली कलेजी, म्हणजे आज काय मिळणार हे तिला आधी कळू नये. २९ डिसेंबरच्या नोंदीत टेकडीवर, दोरी लावलेली असताना, दहापैकी नऊ असे लिहिले आहे. तोपर्यंत औषधे, तपासणी, सातशे रुपयांची ती चुकीची शिकवणी, मार्गदर्शनाचे शुल्क, हार्नेस, दोरी आणि सात महिन्यांची कोंबडी मिळून बारा हजारांच्या आसपास खर्च झाला होता.

संक्रांतीला आम्ही गावी गेलो. घरामागच्या परड्याला चहूबाजूंनी पुरुषभर उंचीची भिंत आहे आणि फाटकाला कुलूप लावता येते. १५ जानेवारी २०२५ रोजी सकाळी मी फाटक दोनदा तपासले, भिंतीकडेने एक फेरी मारली आणि ब्राउनीच्या पाठीवरची कडी पहिल्यांदा सोडली. ती सरळ दुसऱ्या टोकाला, कडब्याच्या गंजीपाशी गेली आणि तिथल्या बिळात नाक घालून हुंगत राहिली. उंदरांचा वास असणार. मी मागच्या दाराच्या पायरीवर बसले, खांदा तिच्याकडे केला, आणि तिने नाक बाहेर काढेपर्यंत थांबले. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. मी एकदाच ‘यूऽ यू’ म्हटले.

तिचे कान वळले, मग मान, मग ती निघाली. धावत नव्हती, दुडक्या चालीने येत होती. माझ्यापासून सहा फुटांवर आली तेव्हा तिची चाल मंदावली आणि एक पुढचा पाय हवेत राहिला. मी तळहात गुडघ्यापाशी, आकाशाकडे ठेवला होता. तिने तो पाय खाली टेकवला, बाजूने वळसा घालून आली आणि हनुवटी हातावर ठेवली. मी दोन बोटे गळपट्ट्याखाली घातली, तीन तुकडे दिले, बोटे काढली आणि ‘जा’ म्हटले. ती परत कडब्याच्या गंजीकडे गेली आणि जिथे सोडले होते तिथूनच पुन्हा हुंगायला लागली.